चिप तुमच्याकडेच राहू द्या, आतला गेम तेवढा वाचू द्या : प्रोटोटाइप संग्राहकांना खुले पत्र

प्रिय संग्राहक मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

बाजारात कधीच न आलेल्या एखाद्या व्हिडिओ गेमची कॅसेट, मार्करने नाव लिहिलेली सीडी किंवा उघडा सर्किट बोर्ड ज्यांच्या कपाटात आहे आणि त्यातला डेटा अजून कुणी उतरवून घेतलेला नाही, त्यांना हे पत्र लिहिते आहे. तुमच्यातले बहुतेक जण अमेरिका, जपान आणि युरोपात आहेत. पण या छंदात मराठी माणसे आहेत, इथेही आणि परदेशातही, म्हणून मराठीत लिहिते. मागणी एकच आहे. वस्तू तुमची आहे, ती तुमच्याकडेच राहू दे. विकू नका, दान करू नका, कुणाला पाठवू नका. फक्त तिच्यातला मजकूर चिपमधून फाइलमध्ये उतरवा, म्हणजे आपण ज्याला डंप करणे म्हणतो ते करा, आणि ते याच वर्षी करा.

घाई का, ते सांगते. माझे रोजचे काम एम्बेडेड सिस्टिम्सचे आहे, त्यामुळे जुन्या चिप्स हाताळायची सवय आहे. 1980 आणि 1990 च्या दशकांतल्या निन्टेन्डो, सेगा यांच्या प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे गेमच्या कच्च्या नमुना-प्रतींमध्ये, बहुतेक वेळा ईप्रॉम चिप असते. ही चिप अतिनील प्रकाशाने पुसून पुन्हा लिहिता येते. काळ्या किंवा राखाडी रंगाची लांबट चिप, दोन्ही बाजूंना पायांची रांग, मधोमध एक छोटी गोल खिडकी. ही खिडकी क्वार्ट्झची असते, कारण साध्या काचेतून तो अतिनील प्रकाश आत जात नाही. वर कागदी लेबल चिकटवलेले आणि त्यावर बॉलपेनने ‘पीआरजी’ (प्रोग्रॅम) किंवा ‘सीएचआर’ (चित्रे), कधी तारीख, कधी एखाद्या प्रोग्रॅमरची आद्याक्षरे. लेबल पाहून ते सोलण्याचा मोह होतो. सोलू नका. ते लेबल म्हणजे नुसती चिठ्ठी नव्हे, खिडकीवरचा पडदा आहे. उघडी चिप आठवडाभर थेट उन्हात राहिली तर पुसली जाऊ शकते, आणि ट्यूबलाइटचा प्रकाशही काही वर्षांत तेच काम करतो.

पडदा जागेवर असला तरी आतले काम थांबत नाही. या चिपमध्ये शून्य आणि एक साठवले जातात ते विद्युतभाराच्या रूपाने. चारही बाजूंनी इन्सुलेटरने वेढलेल्या एका इवल्याशा कप्प्यात इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात. ते आहेत तोवर तो बिट शून्य, निघून गेले की एक. हे इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षे झिरपत राहतात. चिप बनवणाऱ्यांनी कागदोपत्री साधारण दहा-वीस वर्षांचीच खात्री दिलेली असे. 1990 साली लिहिलेली चिप आज पस्तिशी ओलांडून गेली आहे. अशी चिप वाचताना कधी एकच पत्ता पहिल्या वेळी शून्य सांगतो आणि दुसऱ्या वेळी एक. तिथला भार अगदी उंबरठ्यावर आलेला असतो. व्होल्टेज थोडे कमी-जास्त करून, पुन्हा पुन्हा वाचून, सगळे निकाल ताडून पाहिले तर असा बिट अजून परत मिळवता येतो. आणखी काही वर्षांनी मात्र तो ठामपणे एकच सांगेल, आणि तिथे मुळात शून्य होते हे कळायला दुसरा मार्ग उरणार नाही. असा एक बिट प्रोग्रॅमच्या मोक्याच्या जागी बदलला की प्रोसेसर भलत्याच पत्त्यावर उडी मारतो आणि गेम तिथेच गोठतो.

आणि वाचायला लागतो किती वेळ? 128 केबीची चिप चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या साध्या प्रोग्रॅमर यंत्रावर काही सेकंदांत वाचून होते. वाचल्याने ती झिजत नाही. पस्तीस वर्षे वाट पाहिली त्या कामाला खरे तर चहाचा कप संपेपर्यंतचाही वेळ लागत नाही.

या वस्तू हरवतात कशा, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे, तरी इतर वाचकांसाठी थोडे लिहिते. गेम तयार होत असताना त्याची चालू आवृत्ती ईप्रॉमवर लिहून टेस्ट बोर्डवर बसवत. असे बोर्ड टेस्टरकडे जात, निन्टेन्डोकडे मंजुरीला जात, मासिकांकडे परीक्षणासाठी जात, अमेरिकेतल्या सीईएससारख्या प्रदर्शनांत मांडले जात. काम झाले की चिप परत घेऊन अतिनील दिव्याखाली ठेवत, पंधरा-वीस मिनिटांत पुसत आणि तिच्यावर पुढचा गेम लिहीत. चिप महाग होती आणि जुन्या आवृत्तीचे मोल कुणाला वाटत नव्हते. म्हणजे कितीतरी प्रोटोटाइप कचऱ्यात गेलेच नाहीत, ते पुढच्या गेमखाली गाडले गेले. जे उरले ते योगायोगाने उरले. कुणी आठवण म्हणून बोर्ड घरी नेला, कुठे मासिक बंद पडले आणि खोकी विकली गेली, कुठे कंपनी बुडाली.

कंपनी बुडण्यावरून सोनी आणि निन्टेन्डो यांच्या जोड-यंत्राची हकिकत सांगायलाच हवी. 1990 च्या सुमारास हे दोघे मिळून सीडी लावता येईल असा गेम कन्सोल बनवत होते. 1991 मध्ये करार फिसकटला, आणि सोनीने पुढे स्वतःचा प्लेस्टेशन काढला. जोड-यंत्राचा एक नमुना सोनीच्या गेम व्यवसायाचे एके काळचे प्रमुख ओलाफ ओलाफसन यांच्याशी जोडला गेला आहे. ते नंतर अॅडव्हान्टा नावाच्या वित्तीय कंपनीत गेले. 2009 मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा लिलावात तिथल्याच एका कर्मचाऱ्याने काही खोकी एकत्र सुमारे 75 डॉलरला घेतली. त्यात हे यंत्र होते. कित्येक वर्षे ते पोटमाळ्यावर पडून राहिले. 2015 मध्ये त्याची छायाचित्रे जगासमोर आली तेव्हा अनेकांनी ती बनावट ठरवली. पुढे कन्सोल उघडून त्यांत बदल-दुरुस्ती करणारे बेन हेकेनडॉर्न यांनी ते उघडून त्याचा बिघडलेला सीडीचा भाग चालू केला, त्या दुरुस्तीचे चित्रणही केले, आणि मार्च 2020 मध्ये हेरिटेज ऑक्शन्सच्या लिलावात ते 3,60,000 डॉलरला गेले.

ही गोष्ट सगळे किमतीसाठी सांगतात. मला तिच्यातली मधली वर्षे महत्त्वाची वाटतात. मालकाने ते यंत्र दारोदार नेऊन दाखवले, जाणकारांना उघडू दिले, आतल्या चिप्स तपासू दिल्या. त्यामुळे आज ते यंत्र कुणाच्याही दिवाणखान्यात असले तरी त्याच्याविषयीचे ज्ञान सगळ्यांचे आहे. आणि हे सगळे आधी होऊनही, किंबहुना झाल्यामुळेच, लिलावात त्याला तो भाव आला.

आता तुमच्या मनातल्या आक्षेपांकडे येते. पहिला आक्षेप पैशाचा. ‘हजारो डॉलर मोजून घेतलेली वस्तू डंप केली की तिचे वेगळेपण संपले, मग पुढचा गिऱ्हाईक कशाला एवढे देईल?’ हा आक्षेप खोटा आहे असे मी म्हणणार नाही. ‘डंप न झालेला’ एवढ्या तीन शब्दांसाठी जास्त पैसे मोजणारे लोक बाजारात आहेत, आणि डेटा बाहेर आल्यावर त्यांचा रस कमी होत असेल. पण तुम्ही नेमके कशाचे पैसे मोजले याचा विचार करा. तो बोर्ड एकच आहे. त्यावरचे सोल्डर, हस्ताक्षर, लेबल, त्याचा प्रवास यांची फाइल होत नाही. आणि जो गेम डंप झालेला नाही, तो दर वर्षी थोडा थोडा मरतो आहे. चालू न होणाऱ्या चिपसाठी तुमच्यानंतरचा मालक काय देईल? जिच्यातला मजकूर आधीच जपून ठेवला आहे, तिच्यावर गेम पुन्हा तरी लिहिता येईल. जिच्यातला मजकूर कुणाकडेच नाही, तिचे काय?

पैशाचा प्रश्न चाहत्यांनी वर्गणीने सोडवल्याचीही उदाहरणे आहेत. जपानमध्ये 1989 साली आलेला ‘मदर’ निन्टेन्डोने इंग्रजीत आणायचे ठरवले होते. भाषांतर 1990 मध्ये पूर्ण झाले, पण गेम बाजारात आलाच नाही. 1998 च्या सुमारास त्याची प्रोटोटाइप कॅसेट सापडली, चाहत्यांनी पैसे गोळा करून ती डंप करवून घेतली आणि ‘अर्थबाउंड झिरो’ या नावाने ती पसरली. सुरुवातीला पुष्कळांना ते कुणा हौशी माणसाचे काम वाटले, खऱ्या कंपनीचे भाषांतर वाटेना. जून 2015 मध्ये निन्टेन्डोने तोच गेम ‘अर्थबाउंड बिगिनिंग्ज’ म्हणून अधिकृतपणे विक्रीला आणला. तोपर्यंत सतरा वर्षे लोक तो खेळत होते, त्यावर लिहीत होते, आणि त्यांनीच त्याची मागणी जिवंत ठेवली. ‘बायो फोर्स एप’ या कधीच न निघालेल्या निन्टेन्डो गेमचेही असेच. त्याची मासिकातली छायाचित्रे पाहून लोक वर्षानुवर्षे तो शोधत होते, मध्ये एकाने खोट्या चित्रांनी सगळ्यांना फसवलेही. 2010 मध्ये खरा प्रोटोटाइप लिलावात आला, तेव्हा जुन्या गेम्सचे अभ्यासक फ्रँक सिफाल्डी यांनी इतरांच्या मदतीने तो घेतला आणि पुढच्या वर्षी सर्वांसाठी खुला केला.

दुसरा आक्षेप असा की, मूळ माल कंपनीकडे असेलच, आपण कशाला धडपडायचे? नसतो हो. ‘किंगडम हार्ट्स’ 2002 चा, लाखो प्रती खपलेला गेम. त्याची एचडी आवृत्ती काढायची वेळ आली तेव्हा स्क्वेअर एनिक्सकडे मूळ डेटा उरलेला नव्हता, आणि कितीतरी गोष्टी नव्याने बनवाव्या लागल्या. ‘सायलेंट हिल’च्या 2012 च्या एचडी संचासाठी कोनामीने ज्यांना काम दिले त्यांच्या हाती अंतिम सोर्स कोड आलाच नाही, अपुऱ्या कोडवर काम करावे लागले, आणि त्याचा परिणाम खेळणाऱ्यांनी पाहिला. प्रचंड यशस्वी गेम्सची ही गत असेल, तर रद्द झालेल्या गेमची कुणी काळजी घेतली असेल असे धरून चालणे धोक्याचे आहे. तुमच्या कपाटातली प्रत ही जगातली एकमेव असू शकते, हे तुम्ही अभिमानाने सांगता. तेच वाक्य मला काळजीत टाकते.

आणि या प्रतींत असते तरी काय? मला सर्वात जिव्हाळ्याचे उदाहरण सेगाच्या ‘सोनिक 2’ या गेमचे. 1992 मध्ये तो येण्याआधी मासिकांत ‘हिडन पॅलेस’ नावाच्या भागाची चित्रे छापून आली होती: हिरवट-जांभळ्या गुहा, चकाकणारे स्फटिक. विकत घेतलेल्या गेममध्ये तो भाग नव्हताच. मुलांनी तो शोधण्यात वर्षे घालवली. मग 1990 च्या दशकाच्या अखेरीस सायमन वाय या चाहत्याला एका चिनी संकेतस्थळावर ‘सोनिक 2’ची अर्धवट आवृत्ती सापडली. तिच्यात हिडन पॅलेस होता, अपुरा, पण चालता येण्याजोगा. या सुरुवातीच्या आवृत्तीतून दिसले की कोणते टप्पे आखले गेले आणि कोणते वेळेअभावी सोडून दिले. 2013 मध्ये ख्रिश्चन व्हाइटहेड आणि सायमन थॉमली यांनी मोबाइलसाठी ‘सोनिक 2’ नव्याने बांधला तेव्हा हिडन पॅलेस त्यात पूर्ण होऊन आला, अधिकृतपणे. वीस वर्षांपूर्वी कापून टाकलेला तुकडा मूळ गेममध्ये परत बसला, कारण एक कच्ची प्रत लोकांच्या हाती पोचली होती. गेम कसा घडतो, हात कुठे अडखळतो, कोणती कल्पना सोडून द्यावी लागते, हे पक्क्या प्रतीवरून कधीच कळत नाही. ते या कच्च्या प्रतींतूनच कळते.

‘सिमसिटी’चे प्रकरण तर तुमच्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले असेल. विल राइट यांचा हा गेम निन्टेन्डोच्या एनईएस या कन्सोलवरही येणार म्हणून 1991 च्या सुरुवातीला जाहीर झाला, आणि नाहीसा झाला. 2017 मध्ये त्याच्या दोन प्रोटोटाइप कॅसेट उजेडात आल्या. गेम्सचा इतिहास जपणाऱ्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या अमेरिकी संस्थेला गेम डंप करायची परवानगी मिळाली, आणि डिसेंबर 2018 मध्ये सविस्तर अभ्यासासह तो गेम सगळ्यांपुढे आला. कॅसेट राहिल्या मालकांकडे. माझे तुमच्याकडे मागणे याहून तसूभरही जास्त नाही.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो सर्वात गंभीर आहे. चिप तुमची असली तरी तिच्यातल्या गेमचा कॉपीराइट तुमचा नाही. अमेरिकी कायद्यात कंपनीने करवून घेतलेले आणि प्रसिद्ध न झालेले काम निर्मितीपासून 120 वर्षे संरक्षित राहते. म्हणजे 1990 चा रद्द झालेला गेम 2110 पर्यंत. ईप्रॉम तोवर टिकत नाही, हे वर लिहिलेच आहे. कायदाही या बाजूने मऊ व्हायला तयार नाही. 2023 मध्ये व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्कसोबत केलेल्या अभ्यासात असे दिसले की अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेम्सपैकी 87 टक्के आज अधिकृतपणे मिळतच नाहीत. तरीही ऑक्टोबर 2024 मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ग्रंथालयांना असे गेम अभ्यासकांना दुरून वापरू देण्याची सवलत नाकारली. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. पण म्हणूनच उतरवून घेणे आणि प्रसिद्ध करणे या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. फाइल आज लगेच सर्वांना वाटली पाहिजे असा माझा हट्ट नाही. रॉचेस्टरचे द स्ट्राँग संग्रहालय, कॅलिफोर्नियातले कॉम्प्युटर हिस्ट्री म्युझियम अशा संस्थांशी बोला, अटी घाला, हवे तर तुमच्या हयातीत फाइल बंद ठेवा. पण ती असू द्या.

ही विनवणी आपल्याकडे नवी नाही. वि. का. राजवाडे वाड्यावाड्यांत जुनी दप्तरे शोधत हिंडले, तेव्हा लोक कागद दाखवायला कचरत. कुणाला इनामाची भीती, कुणाला नुसती आपल्या घराण्याची मिरास. ज्यांनी नक्कल करू दिली त्यांचे कागद 1898 पासून छापून आले आणि आजही वाचता येतात. ज्यांनी नाही म्हटले त्यांच्यातल्या कितीजणांचे कागद पुढे वाळवीपासून वाचले असतील?

आता पत्राचा एक भाग खास आपल्या लोकांसाठी. 2000 च्या आसपास आणि पुढच्या दशकात मुंबई-पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. 1999 मध्ये मुंबईत सुरू झालेली इंडियागेम्स पुढे युटीव्हीकडे आणि मग डिस्नेकडे गेली. साध्या बटणांच्या फोनवर चालणारे जावा गेम्स तेव्हा इथे बनत. एकाच गेमच्या वेगवेगळ्या फोनसाठी वेगवेगळ्या आवृत्त्या: 128 बाय 128 पडद्याची, 176 बाय 208 ची, 240 बाय 320 ची. ते विकले जात मोबाइल कंपन्यांच्या पोर्टलवरून. पोर्टल बंद झाले आणि गेम्स त्यांच्यासोबत गेले. त्यांना डबा नव्हता, कॅसेट नव्हती, त्यामुळे संग्राहकही मिळाला नाही. त्या काळात कोडर, टेस्टर, ग्राफिक्स कलाकार म्हणून काम केलेल्यांत मराठी मुले-मुली होती. ती आज चाळिशीत आहेत. त्यांच्या जुन्या नोकियात, मेमरी कार्डात, ऑफिसातून आणलेल्या सीडीत क्रिकेटचा एखादा गेम, क्लायंटला दाखवून रद्द झालेली एखादी आवृत्ती नक्की असणार. तेव्हा सही केलेले गोपनीयतेचे करार विसरा असे मी म्हणत नाही. जुन्या कंपनीला किंवा तिच्या वारसाला विचारा, एखाद्या संस्थेमार्फत विचारा. पण विचारण्याआधी ते माध्यम अजून वाचता येते का, हे पाहा. लिहिता येणाऱ्या सीडीवर डेटा रंगद्रव्याच्या थरात असतो आणि तो थर दमट हवेत, उकाड्यात खराब होतो. मुंबईच्या घरातल्या वीस पावसाळ्यांनंतर त्यातले काय उरले असेल, हे लावून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

वारस म्हटल्यावर क्रिस ओबर्थ आठवतात. ते अमेरिकेतले जुने गेम प्रोग्रॅमर, 2012 मध्ये गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या फ्लॉप्या आणि हार्ड डिस्कमध्ये ‘डेज ऑफ थंडर’ या चित्रपटावरच्या एका एनईएस गेमचा सोर्स कोड होता, जो गेम कधी निघालाच नव्हता. त्या तुकड्यांतून प्रोग्रॅमर रिच व्हाइटहाउस यांनी 2020 मध्ये तो पुन्हा चालता केला. हे शक्य झाले कारण ते सामान कुणी रद्दीत टाकले नाही. तुमच्या घरच्यांना माहीत आहे का, की कपाटातल्या त्या हिरव्या बोर्डात काय आहे? खोक्यावर एक चिठ्ठी तरी लावून ठेवा.

प्रत्यक्ष काम करताना एवढे सांभाळा. चालू करून बघण्याआधी वाचा. बोर्डाचे दोन्ही बाजूंनी स्पष्ट फोटो काढा, प्रत्येक चिपवरचे हस्ताक्षर वाचता येईल असे. चिप सॉकेटमध्ये असेल तर दोन्ही टोकांकडून आळीपाळीने, अगदी थोडी थोडी उचला. जुने पाय एकदा वाकले की सरळ करताना तुटतात. सोल्डर केलेली असेल तर घरी काढू नका, जाणकाराकडून बोर्डासकट वाचून घ्या. एनईएसच्या बोर्डावर प्रोग्रॅमची आणि चित्रांची चिप वेगवेगळी असू शकते. एकच वाचून थांबलात तर चित्रांविना प्रोग्रॅम उरेल किंवा प्रोग्रॅमविना चित्रे. प्रत्येक चिप अनेकदा वाचा आणि सगळ्या फाइल्सचे चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेले पडताळणीचे आकडे, ताडून पाहा. जुळले नाहीत तर अर्धवट फाइलही टाकू नका, प्रत्येक वाचन वेगळ्या नावाने ठेवा, कारण त्या फरकांतूनच खरा बिट शोधता येतो. शेवटी फाइल्स दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

2021 च्या मार्चमध्ये, ‘सोनिक 2’मधल्या त्या भागाचेच नाव घेतलेल्या हिडन पॅलेस या प्रोटोटाइप जपणाऱ्या गटाने प्लेस्टेशन 2 चे 700 हून अधिक प्रोटोटाइप एकाच वेळी खुले केले. ते कुणाच्या तरी संग्रहातूनच आले होते, आणि कुणीतरी एकेक डिस्क लावून, वाचून, नोंदवून ते केले. म्हणजे हे होऊ शकते, मोठ्या प्रमाणावर होऊ शकते, आणि ते संग्राहकांनीच केले.

तुमच्यापैकी जे पुणे-मुंबई भागात आहेत आणि ज्यांच्याकडे यंत्र नाही, त्यांच्यासाठी माझे यंत्र आणि माझे रविवार मोकळे आहेत. वस्तू तुम्ही हातात घेऊन या, माझ्या शेजारी बसा, चिप तुमच्या डोळ्यांसमोर वाचू, फाइल तुमच्याच पेनड्राइव्हवर जाईल आणि माझ्या संगणकावरची प्रत तुमच्यादेखत पुसली जाईल. पुढे तिचे काय करायचे ते तुम्ही ठरवा. मला फक्त गेमचे नाव आणि वाचन नीट झाले की नाही एवढे कळले तरी पुरे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
जुन्या चिप्स वाचणारी एक पुणेकर